दोन दिल्या, दोन घेतल्या

गुरुवार, तारीख ६

ताई,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाकिटावर बघून कोणी गेलं-बिलं असं मनात आणू नकोस. सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि त्यात तुझं काही चुकतं असं मला म्हणता येत नाही. पत्राचं बरं असतं, ते न उचलताही घरात येतं.

हे मी न्हाणीघरात बसून लिहितेय. पालथी बादली ही खुर्ची, मांडीवरचं चित्रांचं पुस्तक हे टेबल. दाराला आतून कडी. घरात कडी लागणारी ही एकच जागा आहे, आणि दोन मुलींच्या आईला इथे दिवसातून सात मिनिटं मिळतात. आत्तापर्यंत दाराखालच्या फटीतून एक चमचा, रंगीत खडूचे दोन तुकडे आणि चाटून मऊ केलेलं अर्धं बिस्कीट आत आलंय. बिस्कीट माझ्यासाठी आहे असं बाहेरून सांगण्यात आलंय.

मोठीला तू ओळखतेस, पण आता ओळखणार नाहीस. साडेसहा वर्षांची झाली. आम्ही तिला फौजदार म्हणतो. कोण कुठे चाललंय, का चाललंय, परत कधी येणार, याचा जबाब दिल्याशिवाय ती कुणाला उंबरा ओलांडू देत नाही. तोंडात तीळ भिजत नाही. धाकटी तू पाहिलेलीच नाहीस. दीड वर्षाची आहे. तिचं नाव आम्ही भिंगरी ठेवलंय, कारण जिथे ठेवावी तिथे ती नसते.

नोकरी अजून तीच, मोज्यांच्या कारखान्यात. तुझा मेहुणा विणायच्या मशिनांवर आणि मी जोड्या लावण्याच्या टेबलावर. दिवसभर डाव्याला उजवा शोधून द्यायचा. एक आठवडा तो सकाळच्या शिफ्टला आणि मी दुपारच्या, पुढच्या आठवड्यात उलट. दुपारी दोनच्या भोंग्याला एक बाहेर पडतो नि एक आत शिरतो, आणि मुलींची अदलाबदल गेटवरच होते. कारखान्यात रीत आहे, शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने गठ्ठे मोजून मोठ्याने म्हणायचं, ‘चाळीस दिले,’ आणि येणाऱ्याने म्हणायचं, ‘चाळीस घेतले.’ त्यानंतर एक गठ्ठा कमी निघाला तर जबाबदारी घेणाऱ्याची. आम्ही तीच रीत मुलींना लावली. एकाने म्हणायचं, ‘दोन दिल्या.’ दुसऱ्याने म्हणायचं, ‘दोन घेतल्या.’ गेटवरचे सगळे हसतात.

या सोमवारी त्यात एक गंमत झाली. मी दुपारच्या शिफ्टला होते. मी दोन दिल्या, त्याने दोन घेतल्या आणि बाबागाडी ढकलत तो घरी निघाला. भिंगरी गाडीतून कधी उतरली ते त्याला कळलंच नाही. गेटवरच्या वॉचमनकाकांना ती दिसली, त्यांनी मला हाक मारली. दोन मिनिटांचा खेळ. काही झालं नाही. फक्त गेटसमोर लॉऱ्या वळतात, एवढंच.

तेव्हापासून मी रजेवर आहे, मुली घरी माझ्याजवळ आहेत. हसूनच सांगते सगळ्यांना. तुलाही हसूनच सांगतेय. पण ताई, मला फार भीती वाटते.

इस्त्रीबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही.

तुझी धाकटी


सोमवार, तारीख १०

ताई,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र, म्हणजे उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग. पण न्हाणीघर मोकळं होतं.

मी दिवसभर मुली मोजते. दोनच तर आहेत, मोजायला काय लागतं, असं तू म्हणशील. पण एक, दोन म्हटल्यावर पहिली जागेवर असेलच याची खात्री कुठे असते? मग परत पहिल्यापासून. आज सकाळी दूध तापवताना मी एक-दोन, एक-दोन असं इतक्या वेळा म्हटलं की फौजदार कवायत करायला लागली. तिच्यामागे भिंगरी. दोघी भांड्यांच्या कपाटापर्यंत गेल्या आणि तिथे झाकणांचा बँड सुरू झाला. मी हसले. हसता हसता दूध उतू गेलं आणि मी ओट्याला टेकून रडले. फौजदाराने विचारलं, ‘दुधासाठी?’ मी हो म्हटलं. तिने लगेच धाकटीला समजावलं की आपल्याला आता बिनदुधाचं राहावं लागणार आहे.

भिंगरीच्या पायात मी घुंगरू बांधलंय. तिला ते इतकं आवडलं की आवाज ऐकायला ती आता एका जागी बसून पाय हलवते. म्हणजे ती हलली की वाजतं आणि नाही हलली तरी वाजतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची गोष्ट उंदरांनाच का सुचली, ते मला आता कळलं.

पण खरं सांगायचंय ते तुझ्या मेहुण्याचं. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो केवढा बडबड्या होता. आता कामावरून येतो, हात धुतो आणि खिडकीशी बसतो. भिंगरी धावत गेली तर हात मागे घेतो. परवा तिला उचलून घे म्हटलं, तर म्हणाला, ‘आधी तू इथे येऊन बस, मग घेतो.’ स्वतःच्या लेकीला घ्यायला त्याला साक्षीदार लागतो. तो म्हणतो, ‘मी तोंडाने घेतल्या म्हटलं आणि गाडीत वाकून बघितलंसुद्धा नाही. दहा मिनिटं माझी पोरगी लॉऱ्यांच्या तोंडी होती.’ मी म्हणते, जाऊ दे ना, सापडली ना. तो म्हणतो, ‘हरवली कुणी?’

माझी रजा बावीस तारखेला संपते. त्यानंतर पुन्हा गेटवरची अदलाबदल आली, आणि तो ती करायला तयार नाही. काल त्याने सासूबाईंना फोन केला. शनिवारी, बावीसला, त्या येणार आणि भिंगरीला घेऊन जाणार. सासरे अंथरुणाला खिळलेत, त्यामुळे त्यांना इथे राहता येत नाही. भिंगरीने तिकडेच राहायचं, शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत. दोन वर्षं, ताई. मी म्हटलं, मी नोकरी सोडते. तर म्हणाला, ‘चूक माझी, शिक्षा तुला कशाला?’

इतका चांगला माणूस मला का मिळाला, याचा मला आज राग आला. दारावर थापा पडतायत. फौजदाराचं म्हणणं आहे की भिंगरीने बुटात पाणी भरलंय. कुणाच्या बुटात, ते ती मला बाहेर आल्यावर सांगणार आहे.

तुझी धाकटी


शुक्रवार, तारीख १४

ताई,

तुझं कार्ड काल आलं. ‘पत्रं मिळाली. पहिल्यात दोन मिनिटं आहेत, दुसऱ्यात दहा. गणित सुधार आणि मग लिही.’ बस्स. खाली नाव नाही, आशीर्वाद नाही. मी ते दहादा वाचलं असेल. वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासणाऱ्या बाईला मी चुकीचा ताळा दाखवायला निघाले होते, म्हणजे माझी कमालच.

पन्नास मिनिटं.

आणि गेटवर नाही. तुझ्याशिवाय हे मी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून सरळ लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा गंमत करायला लागेन.

त्या सोमवारी भिंगरी घरापासून रडत होती. गेटपाशी पोचेपर्यंत तिने गाडी ओली केली. भोंग्याला सात-आठ मिनिटं होती. फौजदाराला मी बाहेरच्या नळावर बाटली भरायला लावलं आणि भिंगरीला घेऊन आत बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले. तिचे कपडे बदलले. तेवढ्यात ती खांद्यावर झोपली. इतकी गाढ की मान लुळी पडली. मी तिला बाकावर आडवी केली, शाल घातली, म्हटलं, आधी गाडी पुसून कोरडी करू आणि मग निजवू. गाडी पुसली. ओले कपडे, पिशवी, जास्तीचं पांघरूण सगळं गाडीत रचलं आणि उन्हासाठी वरून पडदा ओढला, रोज ओढते तसा. आणि भोंगा झाला.

भोंगा झाला की पाय आपोआप चालतात. टेबलावर तीन मिनिटं उशीर झाला तर सुपरवायझरबाई सगळ्यांसमोर घड्याळ दाखवतात. मी धावले. तो बाहेर आला, आठ तास मशिनांच्या आवाजात उभा राहून त्याचे कान बधिर झालेले असतात. मी गाडी त्याच्या हातात दिली. म्हटलं, ‘दोन दिल्या.’ तो म्हणाला, ‘दोन घेतल्या.’

तो घरापर्यंत रिकामी गाडी ढकलत गेला, ताई. हळूहळू, खड्डे चुकवत. फौजदार बडबडत होती तर तिला सारखं दटावत होता, हळू बोल, बाळ झोपलंय. घरी जाऊन पडदा वर केला आणि आत बघितलं, तर पिशवी.

त्याचा फोन आला तेव्हा मी टेबलावर होते. फोन वाजल्याबरोबर मला आठवलं. एका क्षणात. तो काय ओरडत होता ते मला ऐकूसुद्धा आलं नाही. मी धावत त्या खोलीत गेले. भिंगरी बाकाखाली बसून कुणाच्या तरी चपलेचा पट्टा चावत होती. खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि दारासमोर पाच पावलांवर लॉऱ्यांचा रस्ता.

तो फोनवर विचारत होता, ‘कुठे आहे? कुठे सापडली?’ आणि मी म्हटलं, ‘गेटपाशी. वॉचमनकाकांना दिसली.’ तोंडातून गेलं. मी ठरवलं नव्हतं. पण ठरवलं असतं तरी याहून सफाईदार सुचलं नसतं. त्या एका वाक्याने सगळं माझ्या अंगावरून उचललं गेलं आणि त्याच्या अंगावर जाऊन पडलं.

आता ताळा बघ. जमतोय का ते लिही. नाहीतर नको लिहूस.

तुझी धाकटी


मंगळवार, तारीख १८

ताई,

कार्ड आलं नाही. बरोबर आहे, या उत्तराला बरोबरची खूण तरी कशी करणार.

मी भीतीने अर्धी झाले आहे. तुझ्या मेहुण्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच, वॉचमनकाकांचे आभार मानायचे. ते तेव्हापासून रजेवर होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. रोज त्याने गेटवर विचारायचं, आले का. काल आले. तो त्यांच्यासाठी मोठा डबा भरून केक घेऊन गेला. मी इथे घरात फौजदाराची वेणी घालत होते. तिने तीनदा ‘आई, दुखतंय’ म्हटलं, तेव्हा कळलं की मी तिचे केस धरून नुसती दाराकडे बघत उभी आहे.

तो आला. चप्पल काढली. म्हणाला, ‘काकांनी डोक्यावरून हात फिरवला माझ्या. म्हणाले, त्यात काय एवढं, होतं असं.’

काकांना काही कळलेलं नव्हतं. त्यांना ऐकू कमी येतं, दिसत तर त्याहून कमी. आणि तीस वर्षं गेटवर बसून कुणी आभार मानायला आलं नसेल, तर आलेले आभार कशाला परत पाठवायचे? केक घेतला, आशीर्वाद दिला. माझा सुंठीवाचून खोकला गेला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट काल दुपारपासून मी जास्त घाबरले आहे. आता मला कुणीच पकडणार नाही. काका बोलणार नाहीत, ती खोली बोलणार नाही, भिंगरी बोलायला लागेपर्यंत विसरलेली असेल. हे असंच राहू शकतं. मी मेले तरी राहू शकतं.

आणि फौजदार. तिला वाटतं बाबांना विसरायचा आजार झालाय. तो गाडीला हात लावून बाजूला झाला की ती जाऊन पडदा वर करून आत बघते आणि मला मान हलवून खूण करते, आहे म्हणून. त्याच्यासमोर. शाळेत तिने बाईंना सांगितलं, ‘आमच्या बाबांकडे बाळ द्यायचं नसतं.’ आज सकाळी तिची पेन्सिल सापडेना. मी म्हटलं, कुठे ठेवलीस? ती अगदी सहज म्हणाली, ‘बाबांनी हरवली असेल.’ आणि तो तिथेच बूट घालत होता. वर बघून म्हणाला, ‘हो ग बाई, मीच हरवली असेन.’

पेन्सिल तिच्या कानामागे होती. मी बघत होते. मी काही बोलले नाही, ताई. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ती मी.

अजून एक आहे, ते लिहून टाकते. त्या पन्नास मिनिटांत मी टेबलावर गुणगुणत होते. शेजारचीने विचारलं, आज स्वारी खुशीत? मी म्हटलं, कोण जाणे, आज हलकं वाटतंय. खरंच वाटत होतं. खांदे, दंड, सगळं हलकं. त्या दिवशी मी जितक्या जोड्या लावल्या तितक्या कधी लावल्या नसतील. माझं मूल उघड्या दाराशी होतं आणि माझ्या अंगाला सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं. ही कसली आई, ते तुला कळत असेल तर सांग. मला तिच्याबरोबर एका घरात राहायची भीती वाटते.

शनिवारला चार दिवस आहेत. त्याला सांगितलं तर भिंगरी राहील. पण मग तो माझ्याकडे बघेल.

तुझी धाकटी


गुरुवार, तारीख २०

ताई,

आज न्हाणीघरात नाही. भिंगरी पायावर झोपली आहे आणि फौजदार शाळेत आहे. समोर भिंगरीचे धुतलेले कपडे पडलेत. सासूबाईंबरोबर द्यायला बाजूला काढायचे आहेत, आणि मी दोन तास ते बाजूला काढत नाहीये.

मघाशी तिची टोपी इस्त्री करायला घेतली. म्हणून आता इस्त्रीचं लिहिते.

तेव्हा फौजदार आठ महिन्यांची होती. तू माझ्या मदतीला म्हणून शाळेतून बिनपगारी रजा काढून आली होतीस, आईही आलेली होती. त्या दुपारी मी तुला म्हटलं, जरा हिच्याकडे बघ, मी आंघोळीला जाते. तू स्वयंपाकघरातून ‘हो’ म्हणालीस आणि हात पुसत बाहेर आलीस. तेवढ्या दहा पावलांत तिने जमिनीवरच्या इस्त्रीवर हात ठेवला. तिच्या तळहातावर अजून तो डाग आहे, नखाएवढा, गुळगुळीत.

सगळे धावत आले. आईने विचारलं, इस्त्री खाली कुणी ठेवली? तुझ्या अंगावर इस्त्री केलेला कुडता होता. सकाळी तूच इस्त्री घेतली होतीस, हे खरं आहे. तू म्हणालीस, ‘मी टेबलावर ठेवली होती बहुतेक.’ बहुतेक म्हणालीस. तू गणिताची बाई, तुला शंभर टक्के आठवल्याशिवाय ठामपणे बोलताच येत नाही. आणि मी म्हटलं, ‘ताईनेच ठेवली असेल.’

मी ठेवली होती. तू टेबलावर ठेवलीस, त्यानंतर मी तिच्या दुपट्यांवरून फिरवायला खाली घेतली. गादीशेजारी. स्विच चालू ठेवला. आंघोळीच्या घाईत तशीच उठले. पाणी अंगावर घेण्याआधी मला आठवलं होतं. मी नळ बंद करत होते तेवढ्यात ती ओरडली.

मग आई तुला जे बोलली ते बोलली. तुला मूल नाही म्हणून तुला कळत नाही, असं. मी फौजदाराचा हात गार पाण्यात धरून बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी पाण्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

तुला कधीच खात्री नव्हती. इतकी वर्षं तू मनात तो कुडता, ते टेबल, ती इस्त्री मांडून बघत असशील, आणि उत्तर येत नसेल. मला खात्री होती.

तेव्हा मी म्हटलं होतं, एकदाच. मी बाळंतीण, दमलेली, झोप नाही, एकदा झालं. आणि त्या सोमवारी फोनवर ते वाक्य माझ्या तोंडातून इतकं पटकन आलं, जणू तयार होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तेही नाही. म्हणून घाबरले.

तुझी धाकटी


रविवार, तारीख २३

ताई,

काल सकाळी अकराला सासूबाई आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भिंगरीसाठी नवीन प्लॅस्टिकचं टमरेल, तिकडच्या सवयी लावायला. भिंगरीने ते डोक्यावर घातलं आणि घरभर आपटत फिरली. सासूबाई हसल्या. मीही हसले. दुपारी तीनची बस होती.

तो आतल्या खोलीत तिचे कपडे भरत होता. स्वतः भरतो म्हणाला होता. मी आत गेले तेव्हा हातात तिचे सात-आठ इवले मोजे घेऊन बसला होता. म्हणाला, ‘याच्या जोड्या तू लाव. माझ्या चुकतील.’

मी दार लोटलं. म्हटलं, ‘ती गाडीतून उतरली नव्हती.’

‘अग, परत तेच काय,’ तो म्हणाला. ‘उतरली म्हणून तर गेटवर सापडली.’

‘ती गाडीत नव्हतीच. मी ठेवलीच नव्हती. बायकांच्या खोलीत बाकावर होती. मी विसरले.’

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नाही आधी. मशीन बिघडलं की तो जसं एकेक विचारतो तसं विचारायला लागला. बाक कुठल्या भिंतीला आहे. दार उघडं होतं का. काकांनी हाक मारली होती का. मी सगळ्याचं खरं सांगितलं. मग त्याने विचारलं, ‘म्हणजे मी पडदा वर केला असता, तर मला तिथेच कळलं असतं?’ मी हो म्हटलं. ‘आणि मी तुला विचारलं असतं, बाळ कुठे?’ मी हो म्हटलं. ‘मग थोडी माझीही आहेच की चूक,’ तो म्हणाला. आणि मग एकदम, मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात तो म्हणाला, ‘पण थोडीच होती. तू मला सगळी दिलीस.’

बाहेर टमरेल आपटत होतं. सासूबाई फौजदाराला काहीतरी विचारत होत्या आणि ती जबाब देत होती.

तो म्हणाला, ‘मी त्या काकांना केक दिला.’

मी म्हटलं, ‘हो.’

‘तू वेणी घालत होतीस. मी येऊन तुला सांगितलं, काकांनी डोक्यावरून हात फिरवला. तू मला पाणी आणून दिलंस.’

मी खाली पडलेला एक मोजा उचलला.

‘एकोणीस दिवस तू हे सगळं बसून बघितलंस,’ तो म्हणाला. ‘आणखी काही आहे का? असेल तर आत्ताच सांग. पुन्हा माझ्यात ताकद नाही.’

मग मी त्याला इस्त्रीचं सांगितलं. त्याने दार उघडून फौजदाराला हाक मारली. तिचा तळहात उघडून, अंगठ्याने डाग चाचपून बघितला. तिने विचारलं, ‘काय झालं, बाबा?’ तो म्हणाला, ‘काही नाही. जा, खेळ.’ ती जाताना बाहेर आजीला सांगत गेली की आत काहीतरी झालंय आणि ते काही नाहीये.

भिंगरी गेली नाही. त्यानेच आईला सांगितलं, बाळ कुठे जाणार नाही, काय झालं ते नंतर बोलू. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पिशवी उघडली आणि सगळे कपडे परत कपाटात लावले. चुकीच्या खणात लावलेत, मी तसेच ठेवलेत. संध्याकाळी त्या एकट्याच परत गेल्या. टमरेल ठेवून गेल्या.

तो दोघींना घेऊन बाहेर गेला. भिंगरीला कडेवर घेऊन, कुणालाही शेजारी न बसवता. मी खिडकीतून बघितलं नाही. परत येतील की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायची माझी लायकीही नव्हती. मी आईला फोन केला.

आईने इस्त्रीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मी तिला जे बोलले ते कुठल्या तोंडाने परत घेऊ?’ ती फोन ठेवताना रडत नव्हती. मला रागावलीही नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती तुला पत्र लिहिणार आहे. तुझा पत्ता तिने माझ्याकडून घेतला. तिच्याकडे तो नव्हता, हे मला काल कळलं.

ते दिवेलागणीला परत आले. मुलींना मी जेवायला घातलं. तो माझ्याशी बोलत नाहीये, उद्याच्या शिफ्टचं तेवढं बोलला. सोडून जाईल असं वाटत नाही. पण आता माझ्याकडून काही घेताना तो आधी वाकून बघेल, आयुष्यभर, आणि ते मला बघावं लागेल. ते मी मान्य केलंय.

तू ये असं मी लिहिणार नाही. माफ कर असंही लिहिणार नाही, तो शब्द तुझ्यावर टाकायचं आणखी एक ओझं होईल. फक्त एक गोष्ट राहिली आहे, ती काल त्याने विचारली म्हणून मला कळली. मुली झोपल्यावर तो एकच वाक्य बोलला. म्हणाला, ‘मला तर झोप लागत नव्हती. तुला लागायची का ग?’

मी खरं सांगितलं. लागायची. पडल्या पडल्या लागायची.

तुझ्या वेळेलाही लागली होती, ताई. पलीकडच्या खोलीत तू बॅग भरत होतीस, आणि मी झोपले होते.

तुझी धाकटी